वस्तरा कोणाच्या हाती? : दाढीच्या काटकसरीचा एक इतिहास

'बिनपाण्याने हजामत करणे' हा मराठीतला वाक्प्रचार फसवणूक आणि फजिती या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यात एक व्यावहारिक शहाणपण दडलेले आहे. दाढीच्या सगळ्या सामानात पाणी ही सर्वांत स्वस्त वस्तू. ज्याला नेमकी तीच मिळत नाही, त्याला उरलेल्या सगळ्याची किंमत जास्त मोजावी लागते. साहित्याच्या अभ्यासकांनी हा वाक्प्रचार शेकडो वेळा वाचलेला असतो, परंतु त्यामागची वस्तू, म्हणजे वस्तरा, पाणी, साबण आणि या सर्वांचा खर्च, अभ्यासाचा विषय होऊ शकेल असे सहसा मनात येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या उपेक्षित खर्चाचा माग काढू इच्छितो. दाढीच्या सामानात मराठी माणसाने पैसे कसे वाचवले, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न थोडा उकरला की त्याखालून दुसराच एक प्रश्न वर येतो. तो असा, की वस्तरा कोणाच्या हाती होता आणि तो कोणाला नाकारला जात होता?

आरंभ शब्दांपासून करू. या एका कृतीला मराठीत किती नावे आहेत पाहा. 'क्षौर' आणि 'श्मश्रू' हे संस्कृत शब्द विधी, पंचांग आणि सोवळ्याशी निगडित राहिले. 'हजामत' हा शब्द अरबीतून आला; तिथे त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे, आणि न्हावी हा एके काळी शल्यकर्मही करीत असे याची ती खूण होय. 'वस्तरा' हा फारसी 'उस्तरा'चा मराठी अवतार. 'ब्लेड', 'सेफ्टी' आणि 'सलून' हे सर्वांत मागाहून आलेले. या शब्दांच्या क्रमातच एक सामाजिक इतिहास आहे: आधी विधी, मग व्यवसाय, शेवटी वस्तू. आणि काटकसरीचा विचार फक्त या तिसऱ्या टप्प्यातच संभवतो.

हे विधान थोडे स्पष्ट केले पाहिजे. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (1915) या ग्रंथाने ही व्यवस्था अभ्यासकांपुढे तपशिलाने मांडली. न्हाव्याला दर दाढीमागे पैसे मिळत नसत; सुगीच्या वेळी कुळाकडून धान्य मिळे, सणावारी काही हक्काचे मिळे. म्हणजे वर्षभराची दाढी ही वर्षभराच्या नात्याचा भाग होती. एका दाढीला स्वतंत्र किंमत नसेल, तर एक दाढी कमी करून काय वाचणार? वस्तरा, आरसा, चिमटा, नराणी हे सारे न्हाव्याच्या धोकटीत. धार लावण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा त्याचाच. कुळाच्या घरी दाढीचे सामान असे काही नसेच. होते ते फक्त तांब्याभर पाणी. संत सेना न्हावी यांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात धोकटीतली हीच साधने अध्यात्माची रूपके होऊन येतात, ते याच कारणाने अर्थपूर्ण वाटते. साधने ज्याची, रूपकेही त्याचीच. कुळाला त्या साधनांतून रूपक सुचले नसते.

या व्यवस्थेला भाबडेपणाने सुवर्णयुग मानण्याचा मोह काही लेखनात दिसतो. आम्हांला तो मान्य नाही. कारण वस्तरा न्हाव्याच्या हाती असणे याचा दुसरा अर्थ असा, की जात आणि रूढी यांच्या आज्ञेने तो कोणावर चालवायचा आणि कोणावर नाही हे ठरलेले होते. ज्या विधवेला तो नको होता तिच्या डोक्यावर तो चाललाच पाहिजे. ज्या अस्पृश्याला तो हवा होता त्याच्या गालाला तो लागता कामा नये. एकाच पात्याच्या या दोन धारा.

पहिल्या धारेविषयी मराठी वाचकाला बरेच ठाऊक आहे. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार तिथे व्यक्त झाला. त्याच वर्षी हरि नारायण आपटे यांच्या 'करमणूक' पत्रात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, आणि तिच्या यमूवर शेवटी हाच वस्तरा चालतो. वाङ्मयेतिहासात कादंबरीला पानेच्या पाने मिळाली, सभेला एखादी ओळ. आम्हांला हे प्रमाण उफराटे वाटते. कादंबरीकाराने वाचकाच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन केले. नाभिकांनी आपले हत्यार खाली ठेवण्याची तयारी दाखवली, आणि त्यासाठी मिळकतीवर पाणी सोडण्याचीही.

दुसऱ्या धारेविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात लिहिले आहे. साताऱ्याच्या दिवसांत भावंडांचे केस कापणे आणि हजामत करणे हे काम त्यांची थोरली बहीण करीत असे. कुटुंबाला न्हाव्याचे पैसे परवडत नव्हते असे नाही, साताऱ्यात न्हाव्यांची वाण होती असेही नाही, हे ते आवर्जून सांगतात. अस्पृश्याच्या केसांना हात लावायला कोणी न्हावी राजी नव्हता, एवढेच कारण. घरच्या घरी हजामत करणे हे पुढे शहरी मध्यमवर्गाच्या काटकसरीचे लक्षण झाले. त्याच्या कितीतरी आधी ते एका मोठ्या समाजावर लादले गेलेले होते. 'घरी दाढी केली की पैसे वाचतात' या वाक्याचा इतिहास लिहिणाऱ्याने या बहिणीपासून सुरुवात करायला हवी, असे आमचे मत आहे. दया पवारांनी 1978 मध्ये आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले तेव्हा त्या शब्दाचे सारे वजन मराठी वाचकाला पुन्हा जाणवले. पण बलुत्याच्या यादीत ज्याची सेवा मिळतच नव्हती अशा रिकाम्या जागाही होत्या, हे आपण विसरतो.

आता पात्याकडे वळू. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याने विल्यम निकरसन या अभियंत्याच्या मदतीने पातळ पोलादी पट्टीला दोन्ही बाजूंनी धार लावून ती फेकून देण्याजोगी स्वस्त करण्याचा उद्योग केला. 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 यंत्रे आणि 168 पाती खपली; 1904 मध्ये यंत्रांचा खप 90 हजारांवर गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे 35 लाख यंत्रे घेतली, आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच ते सैनिक घरी परतले. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत 'यंत्र फुकट द्या, पाती विकत द्या' ही युक्ती जिलेटच्या नावावर सांगितली जाते. इतिहास तसा नाही. पेटंट होते तोवर यंत्राची किंमत पाच डॉलर होती, आणि ती त्या काळी भारीच होती. 1921 मध्ये पेटंट संपले, स्पर्धक पुढे आले, तेव्हाच जुन्या घडणीचे यंत्र स्वस्त झाले. दंतकथा मात्र टिकली, कारण ती सांगायला सोपी आहे.

हे यंत्र मुंबईच्या उपनगरांत कोणाच्या घरी रुजले असेल, याचा विचार करताना खारदांड्याचा परिसर उद्बोधक ठरतो. दांडा हा कोळीवाडा जुना. खाऱ्या जमिनीवरून खार हे नाव पडलेले. 1 जुलै 1924 रोजी खार स्थानक सुरू झाले आणि रुळांच्या दोन्ही अंगांना नोकरदारांची वस्ती वाढू लागली. एका बाजूला भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारा कोळीवाडा, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर लोकल गाडीच्या वेळापत्रकावर चालणारी कचेरीवाल्यांची घरे. होडीवर जाणाऱ्याला रोज सकाळी गुळगुळीत गाल घेऊन कोणापुढे उभे राहायचे नसते. कारकुनाला मात्र साहेबापुढे उभे राहायचे असते, आणि त्याच्या दारी रोज न्हावी येणे ना न्हाव्याला शक्य, ना त्याच्या पगाराला. आठवड्यातून दोनदा होणारी दाढी रोजची झाली ती या गाडीमुळे. एका दाढीला किंमत आली, आणि तिच्याबरोबर काटकसरही.

या काटकसरीचे शास्त्र मराठी मध्यमवर्गीय घरांनी मोठ्या चिकाटीने विकसित केले. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी त्याचा उत्तरार्ध डोळ्यांनी पाहिलेला आहे. दाढीचा एक पत्र्याचा डबा; त्यात यंत्र, ब्रश, एक वाटी, तुरटीचा खडा आणि हाताएवढा आरसा. खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचा, कारण उजेड तिथे. पेलाभर गरम पाणी स्वयंपाकघरातून मागून घ्यायचे. ते आंघोळीच्या बंबातून काढलेले असले तर उत्तम. साबण गोदरेजचा गोल वडीचा असेल तर वाटीत बसवलेला; नसेल तर अंगाच्या साबणाचे उरलेले तुकडे दाबून एकत्र केलेले. दाढीनंतर तुरटी फिरवायची. तुरटीने त्वचा आकसते, बारीक काप असेल तर रक्त थांबते, आणि एक खडा वर्षानुवर्षे पुरतो. गढूळ पाणी निवळायला तोच खडा पावसाळ्यात हंड्यात फिरवला जाई. परदेशी सुवासिक लोशनांच्या जाहिराती मासिकांत येत. डब्यात तुरटीच राहिली.

पण खरी काटकसर पात्याची. स्टेनलेस पाती जगाच्या बाजारात 1960 च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन स्वोर्डने आणली. त्यापूर्वीची कार्बन पोलादाची. मुंबईच्या, त्यातही समुद्राकाठच्या, हवेत ती रात्रीतून गंजत. म्हणून दाढी झाली की पाते काढून पुसायचे, खोबरेलाचा हात फिरवायचा आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवायचे. बोथट झाले की काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगावर बोटाने दाबून मागे-पुढे घासायचे. कोणी तळहातावर घासत. हे उपाय केवळ आपले नव्हेत. युरोप-अमेरिकेतही मंदीच्या आणि युद्धाच्या काळात ते चालत. नव्या पात्याची पहिली दाढी वडिलांची आणि उतरती धार मिसरूड फुटलेल्या मुलाची, ही क्रमवारीही अनेक घरांत होती. या वारशावर कोणी कविता लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही, पण ती लिहिली जायला हरकत नव्हती.

आणि दाढीला निरुपयोगी झालेले पाते? अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटामागे एक फट ठेवलेली असे. वापरलेले पाते तीत टाकले की ते भिंतीच्या पोकळीत पडून कायमचे नाहीसे होई. आपल्याकडे पाते भिंतीत गेले नाही. ते शिवणाच्या डब्यात गेले. शिवण उसवायला, पेन्सिलीला टोक काढायला, वर्तमानपत्रातले कात्रण कापायला, नखे काढायला ते वापरले गेले. बापाच्या गालावरून आईच्या शिवणात आणि तिथून मुलाच्या कंपासपेटीत असा त्याचा प्रवास होई. वस्तूच्या या उत्तरायुष्याकडे पाहिले तर 'फेकून देण्याजोगे' ही जिलेटची मूळ कल्पना मराठी घराने कधी स्वीकारलीच नाही, असे म्हणता येईल.

देशी कारखान्यांनी पात्याची किंमत आणखी खाली आणली. मल्होत्रा कुटुंबाच्या उद्योगातून आलेली टोपाझ, पनामा यांसारखी नावे आणि ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचे सुपरमॅक्स घरोघर पोहोचले. पानाच्या टपरीवर सुटे पाते मिळू लागले, आणि ही सुटी विक्री गरिबाच्या दृष्टीने मोठी सोय होती. पाकीट घेण्याइतके पैसे एका वेळी हाती नसले तरी एक पाते घेता येई. ठाण्याचा कारखाना दीर्घकाळ जगभर पाती पाठवीत राहिला. 2022 मध्ये तिथले उत्पादन थांबले आणि थकलेल्या वेतनासाठी कामगारांना आंदोलन करावे लागले. स्वस्त पात्याच्या हिशेबात ही बाजूही धरावी लागेल.

येथे पुन्हा त्या साताऱ्याच्या बहिणीकडे जाऊ. सुटे स्वस्त पाते हे ज्यांना न्हावी नाकारत होता त्यांच्यासाठी केवळ बचतीचे साधन नव्हते. ते कोणाची परवानगी न मागता मिळत होते. दुकानदार पैसे घेऊन पाते देतो. गाल कोणाचा हे त्याला विचारावे लागत नाही. अर्थात पात्याने अस्पृश्यता संपवली असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. नकार चालूच राहिला, म्हणून तर 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला, आणि कायद्यानंतरही गावोगावी संघर्ष करावे लागले. न्हाव्याच्या खुर्चीवर बसण्याचा हक्क मागणे ही एक गोष्ट, आणि खुर्चीची गरजच न उरणे ही दुसरी. दुसरी गोष्ट पहिलीची जागा घेऊ शकत नाही. तरीही दोन-चार पैशांत स्वतःच्या चेहऱ्याची मालकी मिळते, याचे मोल पाते गंजू नये म्हणून खोबरेल लावणाऱ्या कारकुनाला जेवढे होते त्याहून वेगळे आणि अधिक होते.

पाण्याचा मुद्दा आरंभी काढला होता. एका बहुराष्ट्रीय कंपनीला तो फार उशिरा समजला. जिलेटने भारतासाठी काढलेले एक यंत्र अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले होते; त्या विद्यार्थ्यांच्या न्हाणीघरात नळाला धो-धो पाणी होते. भारतात आल्यावर ते यंत्र केसांनी तुंबू लागले, कारण इथे माणूस पेलाभर पाण्यात दाढी करतो. मग संशोधक भारतीय घरांत जाऊन बसले, आणि 2010 मध्ये 'जिलेट गार्ड' बाजारात आले: यंत्र 15 रुपयांना, पुढचे प्रत्येक पाते 5 रुपयांना, एकच धार आणि पेल्यात हलवून सहज धुतले जाईल अशी रचना. चाळीत किंवा कोळीवाड्यात ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या कोणालाही विचारले असते, तर हे फुकट कळले असते.

2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केस पात्याच्या धारेचे सूक्ष्म कपचे कसे उडवतो. केस तिरपा वाकला आणि धारेच्या त्या जागी पोलादाची घडण असमान असली की कपचा उडतो. म्हणजे पाते केवळ झिजत नाही, ते तुटते. दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे केस गरम पाण्यात भिजले तर ते मऊ होतात आणि कापायला बळ कमी लागते, हे न्हाव्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कुशल न्हावी साबण लावण्याआधी ओल्या बोटांनी गाल किती वेळ चोळत राहतो ते पाहावे. दाढीच्या खर्चात बचत करायची तर ती याच जागी होते. बाकीचे सामान दुय्यम.

गेल्या दोन दशकांत शहरी तरुणांत जुन्या पद्धतीच्या दाढीची आवड परतली आहे. पाच-पाच धारांच्या महागड्या पात्यांना कंटाळून ते आजोबांच्या दुधारी पात्याकडे वळतात, आणि त्यांचा हिशेब मूलतः बरोबर आहे: दुधारी पाते आजही काही रुपयांतच मिळते. गंमत पुढे होते. पात्यावर वाचलेले पैसे बिज्जूच्या केसांच्या ब्रशावर, लाकडी वाडग्यातल्या परदेशी साबणावर, चकचकीत जड यंत्रावर आणि संग्रहावर जातात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. छंदाला आमचा विरोध नाही, परंतु त्याला काटकसर म्हणू नये. ज्यांना खरोखर पैसे वाचवायचे आहेत त्यांनी एक साधे यंत्र, सुटी पाती, गोल साबण आणि तुरटी घ्यावी, आणि एका पात्यावर गाल सोलवटेपर्यंत अडून बसू नये.

न्हाव्याचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. 1990 च्या दशकात एड्सविषयीच्या जनजागृतीने पिढीजात वस्तऱ्यावर संशय आला. दगडावर आणि पट्ट्यावर धार लावून आयुष्यभर वापरायचा तो वस्तरा बाजूला पडला आणि त्याच आकाराची, पण पाते बदलता येणारी मूठ आली. दर गिऱ्हाइकाला नवे पाते. बलुतेदार न्हाव्याच्या खर्चात पाते ही बाबच नव्हती. आता ती दर दाढीला आली, आणि दाढीचा दर वाढवला की गिऱ्हाईक घरी दाढी करू लागते. 2020 च्या टाळेबंदीत तर महाराष्ट्रातली सलूने तीन महिने बंद राहिली, आणि 28 जूनपासून उघडली तेव्हाही परवानगी केस कापण्याची होती, दाढीची नव्हती. पुष्कळ पुरुष त्या काळात घरची दाढी शिकले ते शिकलेच.

उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी न्हाव्याने आपली काटकसर शोधली आहे. खारदांड्याच्या कोळीवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोन खुर्च्यांची सलूने आहेत. तिथे ती रोज दिसते. तो दुधारी पाते वेष्टणातून काढतच नाही. कागदासकट दोन्ही बोटांत धरून ते लांबीवर वाकवतो, मधोमध कट्‌ असा आवाज होतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक मुठीत बसवतो. दुसरा त्याच कागदात गुंडाळून पुढच्या गिऱ्हाइकासाठी आरशाच्या चौकटीत खोचतो.